काम नसताना मुंबईला



नांदेड-लातूरकडचा माणूस मुंबईला जातो तो कामासाठी. मंत्रालयात फाईल अडलेली असते, परळच्या टाटा रुग्णालयात कुणाला दाखवायचं असतं, पोराची मुलाखत असते, नाहीतर भाच्याचं लग्न असतं. मुक्कामाची सोय म्हणजे ओळखीतून मिळालेलं आमदारांचं पत्र आणि आमदार निवासातल्या एका खोलीत सहा माणसं. काम आटोपलं आणि गाडीला वेळ असला की गेटवेसमोर एक फोटो, चौपाटीवर भेळ, आणि रात्रीच्या गाडीनं परत. गावी कुणी विचारलंच, तर ‘पाहिली मुंबई’ असं सांगायला आपण मोकळे.

यात आपला दोष थोडाच आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याला समुद्रच नव्हता. मोठं शहर म्हटलं की आपल्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांपुढे चारमिनार यायचा. लग्नाचा बस्ता असो की दवाखाना, नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांची पावलं अजूनही हैदराबादकडे वळतात. मुंबई आपली झाली ती १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा, आणि महाराष्ट्राची राजधानी म्हणून १९६० मध्ये. तिथं पोचणंही सोपं नव्हतं. नांदेडहून छोट्या मीटरगेज गाडीनं मनमाडला जायचं आणि तिथं सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. लातूरकरांची बार्शी लाईट त्याहून अरुंद, ती कुर्डुवाडीला सोडायची. हे गाडी बदलणं आपल्याकडच्या साठीतल्या माणसांना चांगलं आठवतं.

मराठवाड्यातून मुंबईला नेमानं जाणारा एक मोठा समूह मात्र आहे, आणि सहलीच्या जाहिरातींत तो कधी दिसत नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला चैत्यभूमीवर जाणारी माणसं. रेल्वे त्यांच्यासाठी दरवर्षी नांदेड-आदिलाबादकडून जादा गाड्या सोडते. सोबत भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मुक्काम शिवाजी पार्कवर. परतताना पिशवीत पुस्तकं. यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरच्या किनाऱ्यावर. मुंबईचा प्रवास कसा आखावा आणि कमी पैशांत कसा निभवावा, हे शिकायचं तर या माणसांकडून शिकावं.

आता माझं सांगणं एवढंच, की एकदा काहीही काम नसताना मुंबईला जा. आणि गेलात की बंदर पाहा.

सिनेमानं आपल्याला दाखवलेली मुंबई पश्चिमेची. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, जुहू, नटांचे बंगले. तिथं जरूर जा, पण एका संध्याकाळीच ते उरकतं. नटाच्या बंगल्याच्या फाटकासमोर दोन तास उभं राहण्यात काय हशील आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्या बंदरामुळे हे शहर उभं राहिलं ते पूर्वेला आहे, कुलाब्यापासून शिवडी-वडाळ्यापर्यंत. आपली गाडी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर थांबते, ती १८८८ साली पूर्ण झालेली इमारत आज जागतिक वारसा आहे, आणि बंदर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. स्टेशनाबाहेर पडून टॅक्सी शोधण्याआधी दहा मिनिटं मागं वळून ती पाहा. आपण त्याच दारातून येतो-जातो आणि मान वर करत नाही.

गाड्यांचं म्हणाल तर आज तक्रारीला फारशी जागा नाही. नांदेडहून नंदीग्राम आणि देवगिरी या रात्रीच्या, तपोवन दिवसाची. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही नांदेडहून सुटते, पण तिचं भाडं चार माणसांच्या कुटुंबाला जड जातं. लातूरहून रात्रीची लातूर एक्स्प्रेस आहे. हीच गाडी बिदरपर्यंत नेली म्हणून २०१७ मध्ये लातूरकर रस्त्यावर उतरले होते, यावरून तिची गरज ओळखा. आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत. ‘बघू दिवाळीच्या तोंडावर’ असं म्हणणाऱ्याला मग ट्रॅव्हल्सचा दुप्पट दर मोजावा लागतो. जून ते ऑगस्ट टाळाच. समुद्र खवळला की लाँचच्या फेऱ्या बंद पडतात, आणि मुसळधार पावसात लोकलही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण चैत्यभूमीला जायचं नसेल तर डिसेंबरचा पहिला आठवडा सोडून द्या. ते दिवस ज्यांचे आहेत त्यांना मोकळे राहू द्या.

एक गोष्ट गोदाकाठच्या माणसाला मुद्दाम सांगावी लागते. आपल्या नदीला पूर आला की पाणी चढतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. ओहोटीला शिवडीकडे नुसता चिखल दिसतो आणि आपण ‘हाच का समुद्र’ म्हणून नाक मुरडतो. भरतीची वेळ वर्तमानपत्रात बघून निघावं.

पहाट ससून डॉकला द्या. १८७५ चा हा धक्का आजही मासळीचा मोठा बाजार आहे. आपल्याला मरळ, वाम माहीत. इथं पापलेट, सुरमई, बोंबील यांच्या राशी आणि कोळणींचा लिलाव. वास सोसवत नसेल तर जाऊ नका, पण गेलात तर वाटेत उभे राहू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ती माणसं कामात असतात.

तिथून गेटवे. बसाल्ट दगडाची ही कमान १९२४ साली पूर्ण झाली, आणि शेवटची इंग्रज पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी हिच्याखालूनच गेली. तेव्हा नांदेड-लातूर अजून निजामाच्याच ताब्यात होतं, हे लक्षात ठेवून त्या कमानीखाली उभं राहा. मग सकाळचीच लाँच पकडून घारापुरीला चला. तासाभराचा प्रवास. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला; डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर बोट उलटून माणसं गेली आहेत. वाटेत नौदलाच्या युद्धनौका दिसतात, नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं दिसतात, जवाहर द्वीपावर कच्चं तेल उतरवणारे धक्के दिसतात. पोरांना मोबाइलमधून मान वर काढायला लावा.

घारापुरीला धक्क्यापासून चालत जाऊन सव्वाशेक पायऱ्या चढल्या की लेणी. गुडघे दुखणाऱ्यांनी हळूहळू चढावं, खाण्याची पिशवी माकडांना दिसू देऊ नये. वेरूळ आपल्या घरचं, त्यामुळे आपला माणूस लेण्यांना सहसा दबत नाही. पण त्या अंधारातला तीन मुखांचा शिव, जवळजवळ वीस फूट उंच, वेरूळ पाहिलेल्यालाही गप्प करतो. या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश १९८७ चा. या बेटावर कायमची वीज मात्र समुद्राखालून तार टाकून २०१८ मध्ये आली. मुंबईचे दिवे समोर रोज दिसत असताना!

लेणी पाहून लगेच उतरू नका. वर टेकडीवर जुन्या तोफा आहेत, तिथवर जा. तिथून समोर न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन दिसतात. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर. लातूरच्या आडत बाजारात बसून आपण ‘बाहेरची तूर आली, भाव पडला’ हे नेहमी ऐकतो. म्यानमारची, मोझांबिकची, टांझानियाची ती तूर अशाच बंदरांवर उतरते. ज्यानं औंदा तूर पेरली आहे त्यानं ती क्रेन एकदा डोळ्यांनी पाहावी. मला विचाराल तर मराठवाड्यातल्या माणसासाठी अख्ख्या मुंबईत याहून महत्त्वाची जागा नाही.

दुसऱ्या दिवशी हार्बर लोकल. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीत नव्हे, दुपारी. डॉकयार्ड रोडला उतरलात की शेजारच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. हे काका बाप्टिस्टा लोकमान्यांचे सहकारी. तिथून गोद्या वरून दिसतात. आत जायला परवानगी लागते, त्यामुळे हेच बरं. १४ एप्रिल १९४४ रोजी यातल्याच व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले ६६ जवानही. १४ एप्रिल आपल्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सप्ताह सुरू होतो तो या जवानांसाठी.

पुढं दोन स्टेशनांवर कॉटन ग्रीन. कापूसवाल्यांच्या या मुलखातून आलेल्या माणसानं तिथं उतरायलाच हवं. रेल्वे आल्यावर नांदेडकडचा कापूस मनमाडला, लातूरकडचा कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढायचा आणि बंदराकडे जायचा. कापसाचा बाजार १९२० च्या दशकात या शिवडी भागात आला. त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, कापसाच्या तेजीत मुंबईनं अफाट पैसा मिळवला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीतले बडे व्यापारी. त्या पैशाच्या मुळाशी कोरडवाहू शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात होते, आणि त्यांची नावं कुठल्याच मनोऱ्यावर नाहीत.

लहान मुलं बरोबर असतील तर राणीच्या बागेला अर्धा दिवस द्या. पेंग्विन आहेत, आणि आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथं बुधवारी सुट्टी असते. आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. म्हणून नांदेड-लातूरहून रविवारी रात्री निघू नका. बुधवारच्या रात्रीचं तिकीट काढा.