संरंभापासून आरंभापर्यंत : वंशसंहाराचा इतिहास मुलांना कसा शिकवावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गारगोटी येथे शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वंशसंहारासारखा विषय काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या परंपरेने डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या हिंसेचाही विचार केला, तिच्या व्यासपीठावर लक्षावधी माणसांच्या हत्येविषयी मौन राहावे, हे अधिक अप्रस्तुत होय. शिवाय गारगोटी ही शिक्षणाची भूमी आहे. थोर शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांच्या दूरदृष्टीतून १९५२ साली येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले. मुलांना काय शिकवावे आणि कसे शिकवावे, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

या विषयाचा पाठ दूर युरोपातून आरंभण्याची आवश्यकता नाही. येथील कापड व्यापारी वर्षानुवर्षे घाऊक खरेदीसाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. त्या बाजारपेठेच्या भूमीचा इतिहास किती जणांना ठाऊक आहे? १९४३ ते १९४८ या काळात तेथे वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. त्यांच्यासाठी शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते. छावणी रिकामी झाल्यावर फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी बांधवांनी त्याच जागी नव्याने संसार मांडले, तेच आजचे गांधीनगर. एकाच भूमीने दोन देशांच्या निराधारांना आसरा दिला. पोलिश लोकांनी कृतज्ञतेने उभारलेला स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे. २०१९ साली वळिवडे येथेही स्तंभ उभारण्यात आला.

ही माणसे येथवर का आली? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबांना रात्री-अपरात्री उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे धाडण्यात आले. कोणाला न्यायचे याच्या याद्या आधीच तयार होत्या. शेतकरी, वनरक्षक, सरकारी नोकर, अटक झालेल्यांची बायका-मुले अशी वर्गवारी होती. अमुक एका माणसाने काय केले हे कोणी विचारले नाही, तो कोणत्या यादीत आहे एवढेच पाहिले गेले.

पोलंडच्या दुसऱ्या भागात जर्मन सत्तेखाली याहून भयंकर घडले. युद्धापूर्वी तेथे सुमारे ३३ लाख ज्यू होते, त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास मारले गेले. संपूर्ण युरोपात हा आकडा ६० लाखांच्या घरात जातो. राफाएल लेमकिन हे पोलंडचेच ज्यू कायदेपंडित. त्यांचे ४९ नातलग या संहारात बळी पडले. या अपराधाला नाव नव्हते, ते त्यांनी १९४४ साली दिले. त्या वर्षी वळिवड्याच्या छावणीत पोलिश मुलांची शाळा भरत होती. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघात हा विषय मांडणाऱ्या तीन राष्ट्रांत क्यूबा व पनामा यांच्यासोबत भारत होता, ही अभिमानाची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार संमत झाला आणि १९५९ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली.

या कराराचा गाभा हेतू हा आहे. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असेल, तरच त्या कृत्यास वंशसंहार म्हणतात. म्हणून प्रत्येक क्रौर्याला हा शब्द लावू नये. पोलिश हद्दपारीला तो लागू पडतो की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शब्द तोलून वापरण्याची सवय हाही शिक्षणाचाच भाग होय.

येथे आपल्या परंपरेचे साहाय्य होते. जपमाळेचे मणी १०८ का, याचे एक उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या आधारे दिले जाते. संरंभ, समारंभ व आरंभ या तीन अवस्था. मन, वचन व काया ही तीन साधने. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे व केलेल्यास अनुमोदन देणे हे तीन प्रकार. क्रोध, मान, माया व लोभ हे चार कषाय. यांचा गुणाकार १०८ होतो. संरंभ म्हणजे मनातील संकल्प, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. वंशसंहार याच क्रमाने घडतो.

जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांपुढे पहारेकरी उभे राहिले आणि 'येथे खरेदी करू नका' असे फलक लागले. १९३५ साली कायद्याने त्यांचे नागरिकत्व हिरावले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्यांची दुकाने व कारखाने कवडीमोलाने दुसऱ्यांच्या हाती गेले. लोभ हा कषाय तेथे स्पष्ट दिसतो. शेजाऱ्याचे चालते दुकान स्वस्तात मिळत असेल, तर त्याच्यावरील अन्यायाविषयी तोंड उघडण्याची इच्छा उरत नाही. सामूहिक हत्या १९४१ मध्ये सुरू झाली, म्हणजे पहिल्या फलकानंतर आठ वर्षांनी. रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले. पण ओळखपत्रावर जमात लिहिण्याची पद्धत बेल्जियन राजवटीतच पडली होती आणि रेडिओवरून त्यांना 'झुरळे' म्हणणे हत्याकांडाआधीच सुरू झाले होते. वचनाची हिंसा कायेच्या हिंसेपुढे चालते ती अशी.

हे सारे परदेशी लोकांचे दुर्गुण आहेत, अशी मुलांची समजूत होऊ देणे घातक ठरेल. जानेवारी १९४८ मध्ये महात्माजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्या कारणावरून कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ज्यांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत सापडला. तो वंशसंहार नव्हता, हे स्पष्ट सांगावे. परंतु एकाचा अपराध संपूर्ण जातीच्या खाती मांडण्याची वृत्ती तीच होती, हेही तितकेच स्पष्ट सांगावे. व्यापारात एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यावर टाकणाऱ्यास लबाड म्हणतात. समाजव्यवहारात तसे करणाऱ्यास मात्र पुष्कळदा टाळ्या मिळतात.

मग शिक्षकांनी काय करावे? मृतांचे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा क्रम समजावून द्यावा, प्रत्येक पायरीवर कोण काय करू शकले असते, हा प्रश्न मुलांना विचारावा. थरकाप उडविणारी छायाचित्रे लहान वर्गांना दाखवू नयेत. जर्मन वाईट, हुतू वाईट असा निष्कर्ष मुलांनी काढला, तर शिकविण्याचा हेतूच विफल झाला असे समजावे. तीही एकाचे पाप सर्वांच्या माथी मारण्याचीच रीत होय. नकार देणाऱ्यांचीही कथा सांगावी. १९४३ साली डेन्मार्कच्या सामान्य नागरिकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना बोटींतून स्वीडनला सुखरूप पोहोचविले. आणि येथून सुमारे ५० किलोमीटरवरील कोल्हापूरला एकदा सहल न्यावी. महावीर उद्यानातील स्तंभ आणि वळिवड्याची भूमी पाहिलेला विद्यार्थी हा धडा विसरणार नाही.

पालकांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. कृत आणि कारित यांपासून बहुतेक सज्जन दूर असतात. त्यांची खरी कसोटी अनुमोदनेत लागते. दुकानाच्या गादीवर, लग्नाच्या पंगतीत, प्रवासात एखाद्या जातीविषयी वा धर्माविषयी 'ते लोक सगळे असेच' असे कोणी म्हणतो, चार जण हसतात आणि शेजारी बसलेले मूल ते ऐकते. शाळेने वर्षभर शिकविलेले त्या एका हास्याने पुसले जाते. हसणाऱ्याने कोणाला मारलेले नसते, हे खरे. पण १०८ मण्यांत अनुमोदनेचे मणी ३६ आहेत.

ते ३६ मणी मोजताना घरातील आपल्या बोलण्याची आठवण व्हावी, एवढीच या प्रसंगी सर्वांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र!