जयपूरची सहल: पावलांचा हिशेब

(कोजागिरीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आज कोजागिरी. तिकडे दूध आटते आहे, आणि ते आटेपर्यंत मी बोलावे, अशी अध्यक्षीणबाईंची आज्ञा आहे. तेव्हा भाषण लांबले तर दोष माझा नव्हे, दुधाचा! विषय आपणा सर्वांना ठाऊक आहे. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची सहल जयपूरला न्यावयाची ठरली आहे. तिची आखणी माझ्याकडे आहे, ती आपल्यापुढे ठेवते.

पण त्याआधी एक कबुली द्यावयाची आहे.

गेल्या वर्षी आपण म्हैसूरला गेलो. ती आखणीही माझीच होती. चार दिवसांत चौदा ठिकाणे! कागद पाहून सर्वांनी वाहवा केली. बस थांबली की मी शिट्टी वाजवीत असे आणि म्हणत असे, "पाऊण तासात परत!" आपल्या आक्का ७४ वर्षांच्या, गुडघे दुखरे. पहिल्या ठिकाणी त्या उतरल्या आणि निम्म्या वाटेवरून परत फिरल्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळते." पुढे चारही दिवस त्यांनी आमच्या पिशव्या सांभाळल्या. तेव्हा आम्हांला ते सोयीचेच वाटले, हे आज सांगताना लाज वाटते.

घरी परतल्यावर नातीने विचारले, "आजी, म्हैसूर कसे आहे गं?" आक्का म्हणाल्या, "खिडकीतून छान दिसते. आणि बसच्या ड्रायव्हरच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले आहे." सगळे हसले. मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. यंदा नावांची वही फिरली तेव्हा आक्कांनी ती तशीच पुढे दिली. म्हणाल्या, "खिडकीतून पाहावयाला जयपूरपर्यंत कशाला जायचे?"

भगिनींनो, मी जयपूरचा पहिला कागद फाडून टाकला. त्यातही अकरा ठिकाणे होती. नवा कागद एकाच नियमावर केला आहे: जिला सर्वांत कमी चालवते, तिच्या पावलांनी सहल आखायची.

आता प्रवासाचे सांगते. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघणाऱ्या गाडीने दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर येते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे आपल्याला डिसेंबरच्या आरंभीच तयार राहिले पाहिजे. ४५ वर्षे व त्यावरील स्त्रियांना, जागा शिल्लक असेल तर, खालचा बर्थ मिळतो. म्हणून वहीत नाव लिहिताना वय खरे लिहा. आजवर चोरले असेल ते असो. या एका कामी वयाचा फायदा आहे!

जयपूर हे उन्हाचे शहर. मे महिन्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो. फेब्रुवारीत दुपारचे ऊन सोसवते, मात्र पहाटे नि रात्री चांगलीच थंडी असते. तेव्हा स्वेटर हवा, आणि डोक्यावर घ्यावयाला सुती पंचा किंवा टोपीही हवी. त्या उन्हाला विचारूनच मी रोजच्या वेळा ठरविल्या आहेत.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर काहीही पाहावयाचे नाही. अंघोळ, जेवण, विश्रांती. उतरण्याची जागा स्टेशनाजवळच घ्यावयाची आहे, कारण तेथून मेट्रो थेट बडी चौपडला जाते, आणि हवामहल व जंतरमंतर तेथून जवळ आहेत. दुसऱ्या दिवशीची चढउतार त्यामुळे पुष्कळ वाचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामहल. त्याचा दर्शनी भाग पूर्वेला आहे, म्हणून सकाळच्या उन्हात तो उजळून निघतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली तो बांधविला. पाच मजले आणि ९५३ लहान खिडक्या. पडद्यातल्या राजस्त्रियांना रस्त्यावरच्या मिरवणुका दिसाव्यात, पण त्या स्वतः कोणाला दिसू नयेत, यासाठी ही सारी योजना. पुष्कळ प्रवासी समोरच्या फुटपाथवरून फोटो काढून निघून जातात. आत जाण्याचा रस्ता मागच्या बाजूने आहे. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की वर जाण्यासाठी तेथे पायऱ्यांपेक्षा चढणीच अधिक आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण हळूहळू चढता येते. ज्या बायकांच्या वाट्याला जग पाहावयाला खिडकीच तेवढी आली, त्यांच्या खिडकीशी आपण सर्वजणी आपल्या पायांनी जाऊन उभ्या राहू. कोणी बसमध्ये राहावयाचे नाही.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास जंतरमंतर. तुम्ही म्हणाल, भर दुपारी का? तर तेथली मुख्य यंत्रे उन्हावाचून मुकी असतात. १७२७ साली जयपूर वसविणारे सवाई जयसिंह हे ज्योतिषशास्त्राचे मोठे जाणकार. त्यांनी बांधविलेल्या या वेधशाळेला युनेस्कोने २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेथले सम्राटयंत्र म्हणजे २७ मीटर उंचीचे सूर्याचे घड्याळ. सकाळी त्याची सावली पश्चिमेच्या कमानीवर असते, सूर्य माथ्यावरून ढळला की ती पूर्वेच्या कमानीवर येते. ही सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. म्हणजे मिनिटात सहा सेंटिमीटर, तीन-चार बोटे! ती डोळ्यांदेखत सरकताना दिसते.

आणखी एक गंमत. आपल्या मनगटावरचे घड्याळ साऱ्या देशासाठी ठरविलेली वेळ दाखविते. ती वेळ ज्या रेखांशावरून धरली आहे त्याच्या जयपूर बरेच पश्चिमेला आहे. त्यामुळे तेथे सूर्य सुमारे २७ मिनिटे मागे असतो, आणि फेब्रुवारीच्या आरंभी सूर्याच्या स्वतःच्या चालीमुळे आणखी १३-१४ मिनिटे. आपल्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटे होतील, तेव्हा तेथे सूर्याचे बारा वाजतील. आमच्याकडून काही चूक झाली आहे, असे समजून कोणी घड्याळे जुळवू नयेत!

पण ही सावली सरकताना पाहावयाची तर एक मिनिटभर स्वस्थ उभे राहावे लागते. गेल्या वर्षीच्या माझ्या शिट्टीने ते मिनिटही कोणाला दिले नसते. तेथे आपण पुरता एक तास ठेवला आहे.

दुपारी जेवण करून मुक्कामावर विश्रांती. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी रागावू नये. त्यांच्यासाठी ती दुपार मोकळी आहे. त्यांनी सिटी पॅलेस पाहावा, नाहीतर नाहरगडावर जावे. मात्र रात्रीच्या जेवणाला सर्वांनी एका पंगतीत असावे. त्या दिवशी दालबाटी आणि चुरमा आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमेर. जयपूर वसण्यापूर्वीची ही राजधानी, शहरापासून ११ किलोमीटरांवर. ज्या मिर्झाराजे जयसिंहांशी शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला, ते याच आमेरचे. शाळेत असल्यापासून जे नाव आपण ऐकले, त्याचे घर पाहावयाचे आहे. गडावर चढून जाण्याचा हट्ट धरावयाचा नाही. जीप वरपर्यंत जातात. वर गेल्यावर शीशमहल आणि जनानखाना, एवढेच पाहावयाचे. संध्याकाळी बाजार: बांधणी, लहरिया, सांगानेरी छाप, लाखेच्या बांगड्या. तेथे मात्र आक्का आपणा सर्वांच्या पुढे असतील, याची मला खात्री आहे. चौथ्या दिवशी परतीची गाडी.

सरकारी स्मारकांचे एकत्र तिकीट मिळते. सिटी पॅलेसचे तिकीट वेगळे असते.

आता एक गोष्ट बायकाबायकांत म्हणून स्पष्ट सांगते. प्रवासात आपण पाणी पीत नाही. का, ते सर्वांना ठाऊक आहे. कोठे जागा मिळेल की नाही, ही धास्ती असते. त्या उन्हात असे करणे म्हणजे आजार ओढवून घेणे. म्हणून प्रत्येक ठिकाणी आपल्या दोन तरुण सभासद पुढे जाऊन स्वच्छतागृह कोठे आहे, सावलीत बसावयाला जागा कोठे आहे, हे पाहून येतील. मगच बाकीच्यांनी उतरायचे. हे काम ज्यांना आवडेल त्यांनी आजच नावे द्यावीत.

कोणी म्हणतील, "एवढ्या लांब जाऊन मोजकी तीनच ठिकाणे? पैसे कसे वसूल होणार?" मी गेल्या आठवड्यात सहा जणींना म्हैसूरची चौदा ठिकाणे आठवावयास सांगितली. सातांच्या पुढे एकही गेली नाही. मी स्वतः यादी केली होती, तरी मला नऊच आठवली! जी पाहूनही आठवत नाहीत, त्यांच्यापायी आपण आक्कांना चार दिवस बसमध्ये बसविले, हा हिशेब मला महाग वाटतो. आणि भगिनींनो, गुडघे आज आक्कांचे दुखतात. उद्या ते आपल्यापैकी कोणाचेही असतील.

दूध तयार झाले, अशी खूण होते आहे. तेव्हा थांबते. वही या टेबलावर आहे, नावे तीस तारखेपर्यंत द्यावीत. शिट्टी मी या वेळी घरीच ठेवणार आहे. वहीतली पहिली ओळ मोकळी ठेवली आहे. आक्का, पेन माझ्यापाशी आहे.