बंद गाडी आणि चोळपुरम्‌चा मेकॅनिक

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या शाखा-चिटणीसांनी केलेले भाषण)

सकाळपासून पेन्शनवर बोलून झाले, रोस्टरवर बोलून झाले. माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत काहीजण हसले, ते मी पाहिले. मोटारसायकल सुरू होत नसेल तर काय करावे, हा काय युनियनचा विषय झाला? मी म्हणतो, झाला. आजवर मी सभासदांना उशिराचे जेवढे खुलासे लिहून दिले, त्यांत सासरा वारला आणि गाडी बंद पडली, ही दोन कारणे सर्वांत जास्त वेळा लिहिली असतील. सासरा एकदाच वारतो. गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते.

गेटमनची, पॉइंट्समनची पाळी ज्या वेळेला सुरू होते, त्या वेळेला गावातून एस.टी. नसते. गाडीने किक घेतली नाही तर आपली हजेरी बुडते हे खरेच, पण आपण पोहोचलो नाही तर तिकडे ज्याची पाळी संपली आहे तो रात्रभर जागलेला माणूस गेट सोडून जाऊ शकत नाही. ग्रामीण डाक सेवकाची गोष्ट वेगळी नाही. पिशवी आली आणि गाडी दारात मेलेली, तर त्याने जायचे कसे? आमच्या एका ट्रॅकमनने तीन आठवड्यांत बॅटरी बदलली, प्लग बदलला, स्टार्टरचा रिले बदलला. दोन खाडे पडले, कारणे दाखवा नोटीस आली. शेवटी निघाले काय? साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल. पाण्याने धुतला आणि गाडी सुरू झाली. नोटिशीच्या उत्तरात हे लिहावे की नाही, यावर आम्ही दोघांनी एक तास घालवला.

हा माणूस मूर्ख नव्हता. त्याने जिथे गाडी नेली, तिथल्यांनी दोष शोधला नाही, भाग विकले. असे का होते, ते मला नीट कळले ते तामिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या चोळपुरम् नावाच्या गावात. ती हकिगत आधी सांगतो.

युनियनच्या कामासाठी मी तिरुच्चिराप्पळ्ळीला गेलो होतो. तिथला गोल्डन रॉक कारखाना, जिथे १९४६ साली रेल्वे कामगारांवर गोळीबार झाला, तो पाहायची फार दिवसांची इच्छा होती. ती पुरी झाल्यावर एक दिवस हातात उरला. कुंभकोणमला एक निवृत्त पोस्टमन राहतात, मूळ तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. व्यंकोजीराजांच्या मागे जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांतली पुष्कळ १८५५ साली ते राज्य संपल्यावरही तिथेच राहिली, आणि घरात अजून मराठी बोलतात. आपल्याला ती मराठी जरा तमिळ चालीवर वाटते, पण समजते. तिकडे मराठी माणसाच्या नावामागे राव असतोच, म्हणून मी त्यांना रावसाहेब म्हणतो. त्यांनी राजेंद्र चोळाचे गंगैकोंड चोळपुरम्‌चे देऊळ दाखवायचे ठरवले. अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास. वाहन म्हणजे त्यांची जुनी बुलेट, पॉइंटवाली, हेडलाइटच्या टोपावर अँपिअरचा काटा असलेली. साधे चोळपुरम् हे त्याच रस्त्यावरचे अलीकडचे गाव. नावावरून घोटाळा करू नका. देऊळ पुढच्या चोळपुरमात, आणि आमची गाडी बंद पडली ती अलीकडच्यात.

कॉफीसाठी थांबलो होतो. कॉफी उत्तम. परत येऊन रावसाहेबांनी किल्ली फिरवली, किक मारली, काही नाही. दहा, पंधरा, वीस किक. पासष्टी उलटलेला माणूस, बुलेटची किक, मला काळजी वाटू लागली. "आठच दिवसांपूर्वी नवी बॅटरी घातली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी अनुभवी माणसासारखा सल्ला दिला, प्लग काढून पुसू या. आपल्याकडे कोणतीही गाडी बंद पडली की पहिल्यांदा प्लग काढतात, तसा.

रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर मेकॅनिक टायर काढत होता. तो आला, पण हातात पान्हा घेऊन नाही. आधी तमिळमध्ये विचारले, रावसाहेबांनी मला सांगितले ते असे: अलीकडे गाडीचे काय काम केले? रावसाहेब म्हणाले, पावसाळ्यानंतर फ्रेमला रंग दिला. मग गाडी बंद पडली, म्हणून नवी बॅटरी घेतली. तो हसला. मग त्याने हॉर्न दाबला. मुका. किल्ली चालू ठेवून किकचा दांडा हाताने सावकाश दाबला आणि अँपिअरच्या काट्याकडे पाहत राहिला. पॉइंटच्या गाडीत पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तो असा डोलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि दोष पुढे, कॉइल-प्लगकडे शोधायचा. उणेकडे जाऊन तिथेच बसला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा काटा जागचा हललाच नाही. म्हणजे हॉर्न मेला, काटा मेला. दोघांना सामाईक जे आहे, तिथेच रोग. प्लगचा यात संबंधच नव्हता. वीस किक आणि माझा सल्ला, दोन्ही फुकट.

त्याच्या खिशात इंडिकेटरचा एक बल्ब होता, त्याला दोन वायरी जोडलेल्या. त्याने त्या बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या, बल्ब लख्ख पेटला. बॅटरी ठीक. मग एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला तशीच ठेवून दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली. अंधार. तो एकच शब्द बोलला, "अर्थ." रावसाहेबांनी भाषांतर करायची गरज नव्हती, आपले मेकॅनिकही हाच शब्द वापरतात. गाडीला अर्थ नव्हता!

हे इथे जरा समजून घ्या, कारण सगळी गोम यात आहे. करंट बॅटरीच्या एका टोकातून निघतो आणि काम करून दुसऱ्या टोकाला परत येतो. परत येता आले नाही तर तो निघतच नाही. जायला वायर असते, यायला बहुतेक ठिकाणी गाडीचे लोखंडच वापरलेले असते, आणि त्या लोखंडापासून बॅटरीपर्यंत एक जाड वायर बोल्टने कसलेली असते. रंगाऱ्याने फ्रेम रंगवली, बोल्टखाली रंग गेला. रंगातून करंट जात नाही. मग नव्या बॅटरीने गाडी आठ दिवस चालली कशी? दुकानात बॅटरी बदलताना त्या वायरी हलल्या, बोल्ट पुन्हा कसला गेला, कुठेतरी रंग खरवडून लोखंडाला लोखंड लागले. रस्त्याच्या हादऱ्याने पुन्हा सुटले. भाग बदलला आणि गाडी सुरू झाली, म्हणून तोच भाग खराब होता असे सिद्ध होत नाही. पहिली बॅटरी चांगली असतानाच मोडीत गेली.

पॉलिश पेपरने बोल्टची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, वायरीचे टोक घासले, कसले. दुसऱ्या किकला बुलेट बोलली. पण तो मेकॅनिक सोडेना. वायरींवरून बोट फिरवत तो फ्यूजपाशी गेला आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज काढून आमच्या पुढे धरला. फ्यूजची प्लास्टिकची डबी एका बाजूने वितळलेली होती. ही करामत रावसाहेबांची. ते ओशाळले. मीही गप्प, कारण माझ्या स्वतःच्या गाडीत त्या वेळी तेच होते. साथींनो, फ्यूज उडतो तो आपला जीव वाचवायला. जितक्या अँपिअरचा असेल तितक्याचाच घाला. पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा. चांदी गुंडाळली तर फ्यूजच्या ऐवजी सीटखालची वायर जळते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. सिग्नल खात्यातल्या माणसांना हे मी सांगायला नको. वायर तुटली की सिग्नल लाल होतो, हिरवा होत नाही, ही आपली रचना. रिलेला तार बांधून कोणी सिग्नल हिरवा ठेवला तर त्याला आपणच पाठीशी घालणार नाही.

मेकॅनिकने दोनशे रुपये मागितले. रावसाहेब म्हणाले, घासायचे दोनशे? शंभर घे. मला राहवले नाही. मी म्हणालो, "रावसाहेब, महागाई भत्त्याचा हप्ता अडला तर आपण गेटवर घोषणा देतो. बॅटरीच्या दुकानात तुम्ही घासाघीस केलीत का? तिथे छापील किंमत मोजलीत, आणि ज्याने दोष शोधला त्याचे शंभर कापता?" त्यांनी दोनशे दिले. वर पुढच्या देवळापर्यंत माझ्याशी जरा कमीच बोलले.

आता हिशेब पाहा. भाग विकला तर पैसे मिळतात, शोधण्याचे पैसे कोणी देत नाही, तर मेकॅनिक भागच बदलणार. त्याला भविष्यनिधी नाही, रजा नाही, शेडचे भाडे आहे. म्हणून मी हल्ली गाडी टाकतानाच सांगतो: दोष शोधण्याची मजुरी वेगळी देईन, पण काय तपासले ते मला दाखव. तुम्हीही सांगून पाहा.

आणि आपण स्वतः शोधायचे झाले तर? टपालवाल्या साथींना ही रीत जुनी आहे. रजिस्टर पत्र हरवले की तुम्ही सगळा जिल्हा पालथा घालत नव्हता. शेवटची पोच कोणत्या ऑफिसात आहे, ते पाहायचे, आणि तिथून पुढच्या ऑफिसाच्या मध्ये शोधायचे. करंटचीही पोच घ्या. बॅटरीवर आहे? फ्यूजच्या अलीकडे आहे, पलीकडे आहे? किल्लीच्या स्विचच्या पलीकडे आहे? जिथे बल्ब पेटायचा थांबला, त्याच्या आणि मागच्या जागेच्या मध्ये दोष.

बटणाच्या गाडीत कान वापरा. बटण दाबल्यावर टक्‌टक्‌टक् असा आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल वा पांढरी पडली आहेत. एकच टक् आणि पुढे काही नाही, तर रिले किंवा स्टार्टर मोटर. मुळीच आवाज नाही, तर आधी लाल किल-स्विच पाहा. हसू नका, मी स्वतः त्यात फसलो आहे, पोराने खेळताना दाबला होता. मग साइड स्टँड, क्लचचा स्विच, स्कूटर असेल तर ब्रेक दाबलेला आहे ना, मग फ्यूज. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. मोटर जोरात फिरते पण इंजिन पकडत नाही, तेव्हा कुठे प्लगची पाळी. प्लग काढा, टोपीत बसवा, त्याचे लोखंड इंजिनला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. हातात धरू नका. प्लग इंजिनला न टेकवता किका मारल्या तर सी.डी.आय. जाऊ शकतो.

चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर शाखेने घेऊन ठेवावा. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असली की बंद गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर उतरली समजा. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली कोसळली तर बॅटरी थकली किंवा जोड खराब. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ दिसले पाहिजे. तेवढे नसेल तर नवी बॅटरी घालूनही आठवड्याने तीच गत, कारण चार्जिंगच होत नाही.

१ एप्रिल २०२० नंतर बी.एस. सहाच्या गाड्या आल्या, कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले. पुष्कळ गाड्यांची किकही गेली. अशा गाडीची बॅटरी साफ मेली तर चार जणांनी ढकलून उपयोग नाही. पेट्रोलचा पंप आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्हींना बॅटरी लागते. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीकडून बारीक गुणगुण ऐकू येते, ती पंपाची. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी पाहा. अशा गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरींत बल्ब खुपसू नका, तिथे मल्टिमीटरच. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची असेल तर अधिक टोकाला अधिक आधी जोडा, आणि उणेची वायर सर्वांत शेवटी, बंद गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको, विडी तर नकोच.

बोलणे पुष्कळ झाले. मी चार बल्बांना वायरी जोडून आणल्या आहेत, पॉलिश पेपरही आहे. बाहेर झाडाखाली आपल्या गोदीतल्या साथींची एक गाडी परवापासून सुरू होत नाही म्हणतात, आणि ते उद्या नवी बॅटरी घ्यायला निघाले आहेत. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. चला, आधी तिचा हॉर्न वाजतो का पाहू.