तट उभा आहे, हजेरी कोठे आहे?



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या वस्तीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दहा-बारा जण, सारे बांधकामावरचे, नसरापूर-मार्गासनीवरून गुंजवण्यास जाऊन राजगड चढलो. रायगडापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे ही स्वराज्याची राजधानी. जुलै 2025 मध्ये हा गड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्हाला पाहावयाची होती ती संजीवनी माची.

अडीच किलोमीटरांची ही सोंड तीन टप्प्यांनी उतरत जाते. तिच्या तटाची युक्ती अशी: बाहेर एक भिंत, आत दुसरी, आणि मध्ये माणूस जेमतेम जाईल अशी खोल बोळ. बाहेरचा चिलखती बुरुज ढासळला तरी आतला उभाच.

आमच्यातला एक गवंडी त्या बोळात उतरला. दगडांच्या सांध्यावर बोट फिरवीत तो बराच वेळ गप्प राहिला. या गड्याने एका ठेकेदाराकडे नऊ वर्षे काम केले होते. अपघातात हात मोडला, तेव्हा भरपाई मागावयास गेलो, तर हजेरीवहीत त्याचे नावच नाही! तो म्हणाला, "दादा, हितं बी आमच्यावानीच झालं. भित ऱ्हाती, नाव ऱ्हात न्हाय."

त्याचे म्हणणे खरे आहे. हा गड कोणी वसविला हे मुलेही सांगतील. पण हा दगड कोणी घडविला, त्याचे नाव कोणास ठाऊक?

आता दूरची एक गोष्ट ऐका. चीनच्या पश्चिमेस, तुनहुआंगच्या वाळवंटात, दोन हजार वर्षांपूर्वीचा हान राजवटीचा तट आहे. तेथे दगड कोठला? वेताच्या जुड्या आणि वाळू-खडी यांचे थरावर थर देऊन तो उभारला. 1907 मध्ये ऑरेल स्टाइन यांनी तेथील पहाऱ्याचे बुरुज उकरले, तेव्हा लाकडाच्या लिहिलेल्या पट्ट्या निघाल्या. त्यांत मोठ्या विजयांपेक्षा शिपायांचा शिधा, हत्यारे आणि रोजचे कामकाज यांच्याच नोंदी अधिक. कोरड्या हवेने त्या राखल्या. आज तो तट जागोजाग झिजून गेला आहे, पण तेथे राबलेली माणसे आपणास भेटतात. आमच्याकडे उलट झाले: तट राहिला, माणूस हरवला.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचे नाव आता मिळावयाचे नाही. आजचे मात्र आपल्या हाती आहे. मजूरबांधवांनो, खिशात एक छोटी वही ठेवा. तारीख, जागा, ठेकेदार, रोज, हे रोजच्या रोज लिहा आणि आठवड्यास मुकादमाची सही घ्या. आणि घर बांधणाऱ्या गावकऱ्यांनो, पैसे देताना ठेकेदारास एवढेच विचारा, "हजेरीवही दाखव."

त्या गवंड्याचे प्रकरण अजून चालू आहे. त्याच्यापाशी वही असती, तर ते केव्हाच मिटले असते.