यंत्राची भाषा बदलते तेव्हा



संगणक आपल्या घरांत केव्हाच रुळला. पण त्याच्या पोटातील प्रोसेसर कोणती भाषा जाणतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. एकासाठी सिद्ध केलेली आज्ञावली दुसऱ्याला अगम्य. असे असूनही ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकाचा प्रोसेसर तीनदा बदलला. १९८४ चे यंत्र मोटोरोलाच्या प्रोसेसरवर चाले. १९९४ मध्ये पॉवरपीसी आला, २००६ मध्ये इंटेल, आणि २०२० मध्ये कंपनीने स्वतः आखलेला एम-१.

यांतील इंटेलचे स्थित्यंतर मला विशेष उद्बोधक वाटते. ते स्टीव्ह जॉब्स यांनी जून २००५ मध्ये जाहीर केले. पॉवरपीसीचा जी-५ इतका तापे, की तो लॅपटॉपमध्ये बसविणे साधेना. पण अडचण केवळ आज्ञांची नव्हती. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो. येथील तमिळ शेजारी 'इरुबत्तैंदु' म्हणताना वीस आधी सांगतो. (आपली मुले दोन्हीकडे अडखळतात, ती इथेच!) तद्वतच मोठी संख्या स्मृतीत ठेवताना मॅकमधला पॉवरपीसी थोरला भाग आधी ठेवी, इंटेल धाकटा. म्हणजे शब्दांबरोबर आकड्यांचा क्रमही उलटावयाचा.

हे काम 'रोझेटा' नावाच्या दुभाष्याकडे सोपविले गेले; इजिप्तमधील प्रसिद्ध त्रिलिपी शिलेचे ते नाव. ज्या आज्ञावल्यांचे कर्ते व्यवसायात होते, त्यांनी त्या इंटेलसाठी नव्याने सिद्ध केल्या. ज्यांचे कर्ते उरले नव्हते, त्यांचा सारा भार या दुभाष्यावर. आणि २०११ च्या 'लायन' आवृत्तीत त्यालाच निरोप देण्यात आला. अवघ्या पाच वर्षांत! आम्हा सरकारी कचेरीवाल्यांचा एखादा नमुना-अर्जदेखील तेवढ्या काळात बदलत नाही. प्रोसेसर बदलणे योग्यच होते. ही घाई मात्र मला अन्यायाची वाटते. कुणाचे हिशेब, कुणाचे लेखन त्या जुन्या आज्ञावल्यांत होते. फाइल शाबूत, पण ती उघडणारे कोणी नाही.

२०२० मध्ये नवा दुभाष्या आला, रोझेटा २. तो बहुतेक भाषांतर आधीच करून ठेवतो, म्हणून चपळ आहे. परंतु तोही मॅकओएस २७ पर्यंतच सर्व कामांसाठी मिळेल, पुढे काही जुन्या खेळांपुरता उरेल, असे कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केले. ज्यांच्या घरी असा मॅक आहे, त्यांनी आज्ञावलीच्या माहितीच्या चौकटीत प्रकारापुढे केवळ 'इंटेल' लिहिले आहे का, ते पाहावे. असल्यास तीतील फाइली आताच उघडून सर्वत्र वाचता येईल अशा रूपात उतरवून घ्याव्यात.