कथेने दिलेला शब्द



कथेविषयी बोलायचे तर आपल्याकडे वेताळपंचविशी आहे, श्रावणातल्या कहाण्या आहेत. मग आज एका अमेरिकन मालिकेचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे म्हणणे असे की आपली नातवंडे अशा मालिकांवरून जी भांडतात, ती भांडणे शंभर टक्के साहित्याची असतात. त्यांतल्या एका भांडणाबद्दल आज बोलतो.

मालिकेचे नाव ‘वन्स अपॉन अ टाइम’. एबीसी वाहिनीवर ती ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली आणि मे २०१८ मध्ये संपली. सात पर्वे, १५५ भाग. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ हे तिचे कर्ते. हिमगौरी, तिचा राजपुत्र, तिची सावत्र आई असलेली दुष्ट राणी, असे सगळे परीकथेतले लोक एका शापामुळे आजच्या अमेरिकेतल्या स्टोरीब्रुक या छोट्या गावात येऊन पडतात आणि आपण कोण हेच विसरतात. हिमगौरीची मुलगी एमा त्यांना सोडवते. इथवर सरळ आहे.

पण अनेक प्रेक्षकांचा जीव गुंतला तो दुष्ट राणीत, रेजिनात. लाना पारिया या अभिनेत्रीने ती उभी केली. शाप तिचाच, आणि सर्वांत एकटीही तीच. तिसऱ्या पर्वात, २०१३ साली, आपल्याला तिची एक जुनी गोष्ट कळते. टिंकर बेल नावाची परी तरुण रेजिनाला परीधूळ उधळून दाखवते की तुझे खरे प्रेम त्या पलीकडच्या गुत्त्यात बसले आहे. त्याच्या हातावर सिंहाचे गोंदण आहे. रेजिना दारापर्यंत जाते, भिते आणि पळून येते. पुढे तो माणूस तिला भेटतो. तो असतो रॉबिन हूड. मग चौथे पर्व जवळजवळ सगळे एकाच प्रश्नावर चालते: खलनायकाच्या वाट्याला सुखाचा शेवट का नाही? रेजिना त्यासाठी कथेच्या पुस्तकाचा लेखकच शोधायला निघते. म्हणजे बघा, हा प्रश्न प्रेक्षकांनी विचारलेला नव्हता, मालिकेनेच विचारला होता.

आता ज्या भागावरून वाद झाला तो. पाचवे पर्व, एकविसावा भाग, ‘लास्ट राइट्स’, ८ मे २०१६. पर्व संपायला दोन भाग उरलेले. त्याआधी सगळी मंडळी पाताळात जाऊन आली आहेत, कारण एमाला आपला मेलेला प्रियकर, कॅप्टन हुक, परत आणायचा होता. ते जमले नाही. उपाय म्हणून सांगितलेले अमृतफळाचे झाड तोडलेले निघाले, आणि आदल्याच भागात दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. या भागात पाताळाचा राजा हेडीस रेजिनावर दिव्य स्फटिकाचे अस्त्र रोखतो. रॉबिन मध्ये येतो आणि मरतो. नुसता मरत नाही. त्या अस्त्राने आत्माच नाहीसा होतो, परलोकसुद्धा उरत नाही, असे आपल्याला बजावून सांगितले जाते. आणि त्याच भागात, रॉबिनचा दफनविधी आटोपल्यावर, त्याच दफनभूमीत एमासमोर हुक जिवंत उभा राहतो. देवांचा राजा झ्यूस याने त्याला परत पाठवले. संकटात देव खाली उतरवायची युक्ती ग्रीक नाटकाइतकी जुनी आहे. इथे तर उतरवायला ग्रीक देवच मिळाला!

प्रेक्षक दुभंगले. हुकच्या बाजूचे म्हणत, त्याने आपली किंमत आधीच मोजली आहे: अंधाराचा नाश व्हावा म्हणून तो स्वखुशीने मेला होता, आणि या भागातही हेडीसला मारायची रीत त्यानेच पाताळातून पोहोचवली. म्हणणे खोटे नाही. रॉबिनच्या मरणालाही शोभा आहे, असे काहींना वाटले. प्रेयसीसाठी मध्ये पडणे त्याच्या स्वभावातच होते. दुसऱ्या बाजूचे विचारत, मग त्याच निकषाने रॉबिनला काय मिळाले? दुसऱ्याला वाचवताना मेलेल्या एकाला देव परत पाठवतो आणि दुसऱ्याचा आत्माही शिल्लक ठेवत नाही, हा कुठला हिशेब?

या पक्षाची आणखी एक तक्रार होती आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. रेजिनाची बहीण झेलिना हिने रॉबिनच्या पत्नीचे रूप घेऊन त्याला फसवले होते आणि त्यातून तिला मूल झाले. हा अन्याय आहे असे मालिकेने नीट उच्चारलेच नाही. या भागाच्या शेवटी झेलिना त्या बाळाचे नाव रॉबिन ठेवते, आणि आपण डोळे पुसावेत अशी अपेक्षा असते. अनेकांना ते पुसता आले नाहीत.

श्रोतेहो, माझे मत या दुसऱ्या पक्षाकडे झुकते. परीकथेत माणसे मरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण परीकथा एक शब्द देते आणि त्या शब्दाने स्वतः बांधली जाते. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीची आठवण काढतो, तिच्या गोष्टीत यम द्रवला म्हणून सत्यवान परत आला, असे आपण सहज म्हणून जातो. तसे नाही. यमाने तिला पुत्रांचा वर दिला आणि दिलेल्या वराने तो अडकला. नियमातूनच सुटका झाली, म्हणून ती पटते. इथे विसाव्या भागात घातलेला नियम एकविसाव्यात एकासाठी मोडला, आणि परीधुळीने दिलेले वचन दुसरीच्या बाबतीत विसरले गेले.

कथा बदलतातच की, असे कोणी म्हणेल. बदलतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आजी गोष्ट सांगते तेव्हा मूल मध्येच म्हणते, असं नको, आणि आजी जरा थांबून वाट बदलते. मालिकेच्या प्रेक्षकाचे ‘असं नको’ मात्र चित्रीकरण होऊन भाग दाखवला गेल्यावर उमटते. त्याचा हक्क आजीपुढे बसलेल्या नातवाइतकाच आहे, फक्त तो ऐकला जाईपर्यंत वर्ष उलटते.

इथेही उलटले. सहाव्या पर्वात कर्त्यांनी एका कल्पित जगातून दुसरा रॉबिन आणला: तोच चेहरा, तेच गोंदण, पण रेजिनाची ओळख नसलेला. काही प्रेक्षक सुखावले, बरेच चिडले. शेवटी रेजिनापासून वेगळी झालेली तिची दुष्ट छाया त्या रॉबिनबरोबर नव्या आयुष्याला लागली. खरी रेजिना मे २०१८ च्या अखेरच्या भागात सगळ्या राज्यांची ‘चांगली राणी’ म्हणून निवडली गेली. दरबार भरलेला होता, हिमगौरीही होती. सिंहाचे गोंदण असलेला हात तेवढा तिथे नव्हता.