मुलांच्या ताटातील काटकसर
ब्रिटनमधील शालेय अन्नसाहाय्याचा वाद आणि त्याचा बोध

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंदाजपत्रकात तूट आली म्हणजे काटकसरीची कात्री कोठे चालवावी, हा प्रश्न प्रत्येक शासनापुढे उभा राहतो. रस्त्याचे काम अर्धवट राहिले तर ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. नोकरवर्ग कमी केला तर संघटना जाब विचारतात. शाळकरी मुलाच्या वाट्याचे दूध कमी केले तर ते मूल सभा भरवीत नाही, की निवेदन घेऊन कचेरीत येत नाही. गरीब मुलांच्या अन्नसाहाय्यात कपात करावी की नाही, हा वाद म्हणूनच अनेक देशांत पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. ब्रिटनमध्ये तो शंभराहून अधिक वर्षे चालला असून त्याचा प्रत्येक टप्पा तेथील कायद्यांतून व संसदेच्या कामकाजातून नोंदला गेला आहे. सार्वजनिक कारभाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा, इतका तो उद्बोधक आहे.

भुकेचा शोध सैन्यभरतीत

१८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झाले. त्या युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांपैकी फार मोठ्या संख्येने तरुण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरले. जगभर पसरलेल्या साम्राज्याच्या स्वतःच्या औद्योगिक शहरांत मुले अर्धपोटी वाढत आहेत, ही गोष्ट अशा रीतीने उघडकीस आली. १९०४ साली एका शासकीय चौकशी समितीने अशा मुलांना शाळेत अन्न देण्याची व्यवस्था असावी, असे सुचविले. पुढे १९०६ साली मजूर पक्षाच्या एका सदस्याने मांडलेल्या विधेयकातून शालेय भोजनाचा पहिला कायदा अस्तित्वात आला.

हा कायदा सहजासहजी झाला नाही. मुलांचे पोट भरणे हे पित्याचे कर्तव्य आहे. ते शासनाने अंगावर घेतले तर पिता बेफिकीर होईल, असा आक्षेप प्रतिष्ठित वर्गातून घेतला गेला. त्यामुळे कायद्याचे स्वरूप सक्तीचे न राहता मुभेचे राहिले. स्थानिक शिक्षण मंडळाने भोजन द्यावेच असे बंधन नव्हते. द्यावयाचे असल्यास देता येत होते, आणि तेही पौंडामागे अर्धा पेनी एवढ्या स्थानिक कराच्या मर्यादेत.

तथापि या कायद्यातील दोन कलमे मोठी बोलकी आहेत. त्या काळी दारिद्र्यनिवारण कायद्याखाली मदत घेणाऱ्याचा मताधिकार जात असे. मुलाने शाळेत जेवण घेतले एवढ्यावरून पित्याचा मताधिकार जाणार नाही, असे १९०६ च्या कायद्याने स्पष्ट केले. मुलाला अन्न मिळणे हा कुटुंबाला लागलेला कलंक नव्हे, हे तत्त्व येथे प्रथमच मान्य झाले. दुसरे कलम शिक्षकांविषयी होते. भोजनावर देखरेख ठेवण्याची वा त्याचे पैसे गोळा करण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. शिक्षकाने शिकवावे की वाढावे, हा वाद आपल्याकडील शाळांतही ऐकू येतो. तो किती जुना आहे, हे यावरून ध्यानात येईल.

ब्रॅडफर्डचा तराजू

लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडफर्ड शहराने या कायद्याचा लाभ तत्परतेने घेतला. १९०७ साली तेथील शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रौली यांनी एक साधा प्रयोग केला. गरीब वस्तीतील सुमारे ४० मुलांना एप्रिलपासून जुलैपर्यंत शाळेत न्याहारी व जेवण देण्यात आले आणि त्यांची वजने नियमितपणे नोंदविण्यात आली. असे भोजन न मिळणाऱ्या मुलांचीही वजने तुलनेसाठी घेतली गेली. भोजन मिळणाऱ्या मुलांची वजने अधिक वेगाने वाढली, यात नवल नव्हते. नवल होते ते मधल्या सुटीच्या आठवड्याचे. शाळा बंद झाली, जेवण थांबले, आणि वाढलेली वजने उतरू लागली.

पित्याचे कर्तव्य कोणते आणि शासनाचे कोणते, या वादाला तराजूने दिलेले हे उत्तर होते. १९१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अर्ध्या पेनीची मर्यादा काढून टाकण्यात आली आणि सुटीच्या दिवशीही भोजन देण्याची मुभा मिळाली.

दुधाची बाटली

१९३४ साली शाळेत अर्ध्या पेनीत एक तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध देण्याची योजना सुरू झाली. या योजनेत मुलांच्या प्रकृतीइतकाच दूध उत्पादकांच्या शिल्लक दुधाचाही विचार होता. पुढे दुसरे महायुद्ध आले. शिधावाटपाच्या त्या कठीण काळात भोजनात कपात न होता त्याचा विस्तारच झाला. १९४० साली ३० मुलांमागे एक मूल शाळेत जेवत होते. १९४५ साली तिघांमागे एक जेवू लागले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने भोजन व दूध पुरविणे हे स्थानिक शिक्षण मंडळांचे कर्तव्य ठरविले आणि १९४६ पासून दूध सर्व शाळकरी मुलांना मोफत मिळू लागले. देश कर्जबाजारी असताना हा निर्णय झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या दुधात पहिली कपात केली ती मजूर पक्षाच्याच शासनाने. १९६८ साली आर्थिक अडचणीच्या वेळी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या कारकिर्दीत माध्यमिक शाळांतील मोफत दूध बंद झाले. त्याचा फारसा गवगवा झाला नाही. १९७१ साली हुजूर पक्षाच्या शासनाने ७ वर्षांवरील मुलांचे दूध बंद केले, तेव्हा मात्र देशभर काहूर उठले. त्या वेळी शिक्षणमंत्री असलेल्या श्रीमती मार्गारेट थॅचर यांच्या नावामागे ‘दूध हिरावणाऱ्या’ हे बिरूद कायमचे चिकटले.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ज्यांना परवडते त्या पालकांनी दुधाचे पैसे द्यावेत, वाचलेला पैसा जुनाट प्राथमिक शाळांच्या इमारतींसाठी वापरावा, आणि प्रकृतीच्या कारणाने ज्यांना दुधाची गरज आहे त्यांना वैद्यकीय दाखल्यावर ते चालू ठेवावे, असा तो युक्तिवाद होता. परंतु वेल्समधील मर्थर टिडफिलसारख्या खाणकामगारांच्या गावाला तो पटला नाही. तेथील नगरपालिकेने मोफत दूध चालूच ठेवण्याचे ठरविले. हा खर्च बेकायदेशीर ठरून सदस्यांकडून व्यक्तिशः वसूल केला जाईल, अशी तंबी मिळाली, आणि अखेर नगरपालिकेला माघार घ्यावी लागली. लेखापरीक्षणातील वसुलीचा अर्थ पंचायत सदस्यांना वेगळा सांगावयास नको.

या कपातीतून झालेली बचत राष्ट्राच्या अंदाजपत्रकाच्या मानाने अल्प होती. अल्प लाभासाठी आपण फार मोठा लोकक्षोभ ओढवून घेतला, अशा आशयाची कबुली श्रीमती थॅचर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात दिली. २०१० साली एका मंत्र्याने ५ वर्षांखालील मुलांचे दूध बंद करण्याची सूचना पुढे आणली, तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या कार्यालयाने ती तत्काळ फेटाळली. जवळजवळ ४० वर्षांपूर्वीच्या बाटलीचा धाक तोवर टिकून होता.

गाजावाजा न झालेली कपात

दुधाची कपात गाजली. पण तिच्याहून कितीतरी दूरगामी ठरलेली कपात फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. १९८० च्या शिक्षण कायद्याने भोजनाविषयीच्या तीन गोष्टी बदलल्या. सर्वांना भोजन पुरविण्याचे मंडळांवरील बंधन जाऊन ते शासकीय साहाय्यास पात्र असलेल्या कुटुंबांतील मुलांपुरते उरले. देशभर एकच असलेला भोजनाचा दर रद्द झाला. भोजनात पोषकद्रव्ये किती असावीत, याविषयीची मानकेही गेली. कोणाचेही ताट उघडपणे काढून घेतले गेले नव्हते. परंतु त्या ताटात काय असावे हे सांगणारा नियम राहिला नव्हता. काही परगण्यांनी गरम जेवण बंद केले आणि पात्र मुलांच्या हाती सँडविचची पिशवी दिली. १९८८ पासून मोफत भोजनाची पात्रता आणखी आकुंचित झाली. अल्प वेतनावर राबणारी, परंतु नियमाच्या रेषेच्या किंचित वर असलेली अनेक कुटुंबे त्यातून वगळली गेली. त्याच सुमारास कमी दराची निविदा स्वीकारण्याची पद्धत शालेय भोजनालाही लागू झाली.

याचा परिणाम दिसावयास वेळ लागला. पोषणाची मानके परत आली ती २००१ साली, म्हणजे दोन दशकांनी. २००५ साली जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरचित्रवाणीवरून शाळांतील स्वयंपाकघरे देशाला दाखविली, तेव्हा काही ठिकाणी एका मुलाच्या जेवणातील जिनसांवर अवघे ३७ पेन्स खर्च होत असल्याचे लोकांना कळले. लोकमत खवळले आणि शासनाला २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर करावी लागली.

सुटीतील भूक

२०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या. इंग्लंडमधील सुमारे १३ लाख मुलांना मोफत भोजनाऐवजी आठवड्याला १५ पौंडांची कुपने दिली जात होती. उन्हाळी सुटीत ती बंद होणार होती. स्वतः लहानपणी शाळेतील मोफत भोजनावर वाढलेला फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने १५ जून रोजी संसद सदस्यांना जाहीर पत्र लिहिले. दुसऱ्याच दिवशी शासनाने निर्णय फिरविला. ऑक्टोबरच्या सुटीसाठी हाच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा २१ ऑक्टोबर रोजी कॉमन्स सभेने मदत चालू ठेवण्याचा प्रस्ताव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला. सुटीत मुलांना जेवू घालणे हे शाळेचे काम नव्हे, गरजू कुटुंबांना अन्य मार्गांनी मदत दिलेली आहे, असे सत्ताधारी पक्षाचे म्हणणे होते. त्यानंतर अनेक स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतून आणि कित्येक उपाहारगृहांनी पदरमोड करून मुलांना अन्न दिले. नोव्हेंबरमध्ये शासनाने पुन्हा माघार घेऊन हिवाळी साहाय्य जाहीर केले. ब्रॅडफर्डच्या तराजूने १९०७ सालीच दाखवून दिलेली गोष्ट संसदेला ११३ वर्षांनी पुन्हा शिकावी लागली.

सर्वांना की गरजूंना?

या साऱ्या वादाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. निधी मर्यादित असताना सुस्थितीतील मुलांवर तो का खर्चावा, असे कपातीचे समर्थक विचारतात. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु केवळ गरजूंना द्यावयाचे म्हटले की गरजू कोण हे ठरवावे लागते. त्यासाठी अर्ज, दाखला आणि उत्पन्नाची रेषा येते. इंग्लंडमध्ये २०१८ साली वर्षाला ७,४०० पौंड निव्वळ कमाईची रेषा आखली गेली आणि महागाई वाढत असतानाही पुढील कित्येक वर्षे ती तेथेच राहिली. रेषा न हलविणे हीसुद्धा कपातच होय. तिच्यावर मतदान मात्र होत नाही. शिवाय मोफत जेवणाऱ्या मुलाचे वेगळ्या रंगाचे तिकीट वर्गापुढे आले की ते मूल भूक सोसणे पत्करते.

या अनुभवातून तेथील धोरण हळूहळू वळले. २०१४ पासून इंग्लंडमधील पहिल्या तीन इयत्तांच्या सर्व मुलांना मोफत भोजन मिळू लागले. वेल्सने ते २०२४ पर्यंत सर्व प्राथमिक शाळांत पोहोचविले. जून २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे साहाय्य घेणाऱ्या सर्व कुटुंबांतील मुलांना मोफत भोजन देण्याचे जाहीर केले.

आपल्यासाठी बोध

हा इतिहास आपल्याला परका नाही. १९२० साली मद्रास नगरपालिकेने आपल्या शाळेत मुलांना खाऊ देण्यास प्रारंभ केला. पण हा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून करता येत नाही या कारणास्तव १९२५ साली ब्रिटिश अमदानीत तो थांबविला गेला. स्वतंत्र भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील भोजन हा मुलांचा हक्क ठरला. त्या कायद्यातही शाळेच्या सुट्या वगळल्या आहेत. मात्र दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही भोजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे. दुष्काळी तालुक्यातील पंचायत सदस्याने व मुख्याध्यापकाने हे विसरता कामा नये.

ब्रिटनच्या अनुभवाचे सार एवढेच की, मुलांचे अन्न कमी करावे असे उघडपणे कोणी फारसे म्हणत नाही. ते कमी होते ते न वाढविलेल्या दरातून, न हललेल्या रेषेतून, गाळलेल्या मानकातून आणि रखडलेल्या देयकातून. संसदेतील वाद वर्तमानपत्रांत येतो. हे मूक बदल येत नाहीत. ते प्रथम दिसतात ते वाढपाच्या वेळी शाळेत उभ्या असलेल्या माणसाला. आमटी पातळ झाली, भाजी नाहीशी झाली, धान्य वेळेवर आले नाही, एखादे मूल रांगेत येईनासे झाले, या गोष्टी तालुक्याच्या कचेरीला कळण्याच्या पुष्कळ आधी शिक्षकाला, स्वयंपाक करणाऱ्या भगिनीला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याला कळतात. त्यांनी त्या नोंदवाव्यात, पंचायतीने त्या सभेपुढे आणाव्यात आणि अधिकाऱ्याने त्या वाचाव्यात. डॉ. क्रौली यांच्याजवळ एक वजनकाटा व एक नोंदवही होती. आज तेवढे साहित्य प्रत्येक शाळेला सहज मिळण्यासारखे आहे.